तीन लाडू आणि एक तुकडा

बिबवेवाडीच्या सुखनिवास सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली एक खोली आहे. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव ‘क्रीडा कक्ष’. त्या कक्षात फार पूर्वी टेबल टेनिसचं एक टेबल आलं. त्यावर वर्षभर कुणी खेळलं नाही, पुढची दोन वर्षं गणपतीचं मखर त्यावर आडवं पडून राहिलं आणि मग ते टेबल कुठे गेलं याची नोंद सोसायटीच्या कुठल्याही इतिवृत्तात नाही. खोली मात्र जागेवर राहिली. गेली बावीस वर्षं तिथे मेहनाज बागवान बालवाडी भरवते.

दारावर एक पाटी आहे: ‘येथे लहान मुलांना शिकवले जाते. मोठ्यांनी आवाज करू नये.’ अक्षर सोसायटीचे अध्यक्ष बापूराव काकडे यांचं. बापूरावांनी आपल्या बाजूने केलेली ही एकमेव गोष्ट, असं मेहनाज कित्येक वर्षं मानत आली. पार्किंगमध्ये सकाळी जमणाऱ्या पत्त्यांच्या मंडळींशी बापूरावांचं वाजलं होतं आणि पाटी त्यांच्यासाठी होती, हे तिला पुढे कळलं. तरी तिने पाटी पुसत राहायचं सोडलं नाही. मतलब काही का असेना, मजकूर तर बरा होता.

मेहनाजचं वय पन्नाशीला टेकलेलं. चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला, आणि तो डोळ्यांवर कमी अन् मुलांच्या हातात जास्त. नवरा मन्सूर, मार्केट यार्डात त्याचा लिंबांचा गाळा. ती बी.ए. होऊन बागवानांच्या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, या घरात आपण काहीतरी शिकवू. झालं उलटंच. सासू अमिनाबी शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. एका दुपारी दोन ढीग पुढ्यात घेऊन त्यांनी नव्या सुनेला विचारलं, “कुठल्या ढिगात लिंबं जास्त, सांग.”

एक ढीग फुगलेला होता, दुसरा बसका. मेहनाजने फुगलेल्याकडे बोट दाखवलं.

अमिनाबी दोन्ही हातांनी दोन्ही ढिगांतलं एकेक लिंबू उचलून बाजूला ठेवत गेल्या. एक इकडचं, एक तिकडचं. फुगलेला ढीग संपला, आणि बसक्यातली चार लिंबं खाली उरली.

“मोठी लिंबं म्हणजे जास्त लिंबं नव्हे,” त्या म्हणाल्या. “ज्याचं उरलं त्याचं जास्त. मोजत बसायला वेळ कुणाला आहे?”

पुढे बालवाडीच्या प्रशिक्षणात मॅडमनी हीच गोष्ट फळ्यावर बाण काढून दोन तास समजावली. तिला एक भलंमोठं नावही होतं, ते मेहनाजने वहीत लिहून घेतलं. परीक्षेत त्याच प्रश्नाला तिला सर्वांत जास्त गुण पडले. उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर लिंबं होती, हे तिने पेपरात लिहिलं नाही.

तर मेहनाजच्या बालवाडीत आकडे म्हणत नसत, वस्तू एकाला एक लावत. चपला जास्त की मुलं? प्रत्येकाने आपापल्या चपलेवर उभं राहायचं. डबे जास्त की चमचे? प्रत्येक डब्यापुढे एक चमचा. कपडे वाळत घालायचे चिमटे, बाटल्यांची झाकणं, चिंचोके आणि मोसमात लिंबं. पाच झाकणं दाटीने मांडली आणि पाच ऐसपैस मांडली, की चार वर्षांचं पोर ठामपणे सांगतं, ऐसपैसवाली जास्त. मेहनाज “चूक” म्हणत नसे. ती म्हणे, “लावून बघ.” पोर एकाला एक लावत जाई, शेवटी काहीच उरत नसे, मग ते आधी झाकणांकडे आणि नंतर संशयाने टीचरकडे बघे. ते बघणं मेहनाजला फार आवडायचं. त्याच्यासाठी ती बावीस वर्षं फरशीवर बसत आली होती आणि दोन्ही गुडघे देऊन बसली होती.

आईबापांना मात्र हे बघणं दिसत नसे. त्यांना एकच दिसे.

“टीचर, कितीपर्यंत येतं आता त्याला?”

“पाचपर्यंत पक्कं येतं.”

“फक्त पाच?”

“पण येतं.”

यातला ‘पण’ कुणाच्या कानात शिरत नसे.

यंदा बालवाडीत शाल्मली आली होती. वय साडेचार, घरीदारी शालू. बापूरावांची नात. तिची आई नम्रता आयटीत होती, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची आणि उरलेले दोन दिवस ऑफिसातून घर चालवायची. ती मेहनाजला अतिशय आदराने मेसेज करायची. ‘टीचर, एक छोटंसं सजेशन होतं. शालूची कझिन हंड्रेडपर्यंत बॅकवर्ड म्हणते. आपण निदान फॉरवर्ड ट्राय करू या का?’ शेवटी हात जोडलेले. नम्रताच्या सजेशनना नेहमी हात जोडलेले असत, त्यामुळे नाही म्हणणं कठीण जाई.

शालूची आजी दुर्गाबाई वेगळ्या. त्यांना शालूला कितीपर्यंत येतं यात काही रस नव्हता. आपण पोळी लाटताना ती मध्ये मध्ये करते, याची तक्रार होती आणि कौतुकही तेच होतं. मेहनाजशी त्यांचं नातं ताटलीचं. दिवाळी असो, संक्रांत असो, घरात कुणाचं बारसं असो, दुर्गाबाईंची ताटली खोलीत यायचीच. वर विणलेला रुमाल, खाली बेसनाचे लाडू. तीन लाडू आणि लाडवाचा एक तुकडा.

तो तुकडा हा बागवानांच्या घरातला बारा वर्षांचा विनोद होता. घरात ते आपापसांत दखनी बोलत, पण टोमणे मारायचे ते मराठीतच. मन्सूर ताटली बघून विचारायचा, “किती दिले यंदा?”

“तीन. आणि चौथा देताना हात आखडला,” मेहनाज म्हणायची.

“आखडला नाही. अर्ध्या वाटेत बापूराव आडवे आले असणार.”

हेही खोटं म्हणता येत नव्हतं. बापूरावांना मधुमेह होता. दुर्गाबाईंनी गोडाच्या डब्यांना कुलूप लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. बालवाडीत कुणा मुलाचा वाढदिवस असला की अध्यक्ष नेमके ‘आवाजाची पाहणी’ करायला यायचे. पाहणी चॉकलेट वाटून होईपर्यंत चालायची. मुलं एकाला एक वाटत, बापूरावांपुढेही एक ठेवत आणि बापूराव ते “मुलांचं मन मोडू नये” म्हणून तिथल्या तिथे संपवत. मेहनाजने हे दुर्गाबाईंना कधी सांगितलं नाही. खोली अध्यक्षांच्या हातात होती.

आणि तीच खोली दिवाळीनंतर जायची वेळ आली.

पृथ्वीराज नावाचे एक सर सोसायटीत येऊन गेले. वय अठ्ठावीसच्या आसपास, अंगात निळा ब्लेझर, तोही बिबवेवाडीच्या दुपारच्या उन्हात. त्यांचे ‘ब्रेनवर्षा’ नावाचे वर्ग होते, आणखी एका शाखेसाठी जागा हवी होती. क्रीडा कक्षाला एसी, कॅमेरा, गेटवर दिव्यांचा बोर्ड, सगळं ते स्वखर्चाने करणार होते. बापूरावांना बोर्डाची कल्पना फार पटली. त्यावर सोसायटीचं नावही येणार होतं आणि खाली बारीक अक्षरात अध्यक्षांचं.

दोन दिवसांनी लिफ्टशेजारी सूचना लागली. रविवारी सकाळी ठीक दहा वाजता वार्षिक सभा. विषय क्रमांक चार: क्रीडा कक्षाचा वापर. दोन्ही बाजूंनी मुलांच्या प्रगतीचे प्रात्यक्षिक सादर करावे.

मेहनाजने ती सूचना चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. दोन्ही प्रकारे मजकूर तोच होता. बाहेर खोली घेऊन चौदा मुलांची बालवाडी चालवणं तिला झेपणारं नव्हतं. घरी भरवावी तर लिंबांच्या पाट्यांतून घरच्या माणसांनाच वाट काढत जावं लागे. खोली गेली की बालवाडी गेली, यात लावून बघण्यासारखं काही नव्हतं.

“मग काय करणार?” मन्सूरने विचारलं.

“शंभर म्हणून घेणार,” मेहनाज म्हणाली.

मन्सूर लिंबं निवडायचा थांबला. बायकोने सिगारेट ओढणार म्हटलं असतं तरी त्याने एवढ्या आश्चर्याने पाहिलं नसतं.

तो आठवडा बालवाडीच्या इतिहासातला सगळ्यात वाईट आठवडा. झाकणांचे डबे कपाटात गेले. चौदा मुलं भिंतीला पाठ लावून बसली आणि “एक, दोन, तीन” ओरडू लागली. वीसपर्यंत गाडी बरी चालायची. अठ्ठावीसनंतर शालू जी एकोणतीसवर चढायची ती तिथून थेट एकोणपन्नासला उतरायची, आणि बाकीची तिच्या मागून बिनतक्रार उड्या मारायची. नव्व्याण्णवला कुणी पोचलंच, तर ते कुठून आलं हे त्यालाही माहीत नसे. एका पोराने बुधवारी प्रामाणिकपणे विचारलं, “टीचर, हे सगळे आकडे कशाचे आहेत?”

मेहनाजने तेवढ्यापुरती प्यायच्या पाण्याची सुट्टी दिली. गुरुवारी तिने कपाट उघडून झाकणं पुन्हा बाहेर काढली. “हरायचंच आहे तर आपल्या पद्धतीने हरू,” असं तिने मन्सूरला सांगितलं. मन्सूर म्हणाला, “हे अम्मीला आवडलं असतं. हरणं नाही, दुसरं.”

रविवारी पार्किंगमध्ये लाल खुर्च्या मांडल्या गेल्या. समितीचे नऊ जण पुढे, बाकी सभासद मागे, बायका त्यांच्याही मागे, जिथून सगळं ऐकू येतं आणि उठून जाता येतं. ठीक दहाला बापूराव लिफ्टमधून उतरले. त्यांच्या हातात विणलेल्या रुमालाने झाकलेली ताटली होती. पाहुण्या पृथ्वीराज सरांसाठी दुर्गाबाईंनी ती भरून दिली होती. बाकीच्यांचा डबा घेऊन त्या मागून जिन्याने आल्या, कारण लिफ्टमध्ये त्यांना गुदमरायला होतं. पुढे जे झालं त्याच्याशी या गोष्टीचा फार जवळचा संबंध आहे.

पहिले तीन विषय, म्हणजे गळकी टाकी, कुत्रा आणि ‘वाहने आपापल्या रेषेत’, नेहमीप्रमाणे पुढच्या सभेवर गेले. मग विषय चार.

पृथ्वीराज सरांबरोबर पाच वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याच्याही अंगात निळा ब्लेझर. सरांनी चुटकी वाजवली आणि मुलगा शंभरपासून उलटा सुटला. हंड्रेड, नाइन्टी नाइन, नाइन्टी एट. श्वास कधी घेत होता कळत नव्हतं. शून्यावर येऊन थांबला तेव्हा टाळ्या पडल्या. नम्रताने सगळं मोबाइलवर घेतलं. बापूरावांच्या चेहऱ्यावर गेटवरचा बोर्ड उजळलेला स्पष्ट दिसत होता.

“हां, टीचर. आता तुम्ही,” ते म्हणाले.

मेहनाज शालूला आणि आणखी दोन मुलांना घेऊन पुढे आली आणि फरशीवर झाकणांच्या दोन रांगा मांडू लागली. मुलं मन लावून एकाला एक लावत होती. त्याला वेळ लागत होता. मागे कुणीतरी जांभई दिली. सेक्रेटरी मच्छिंद्र घड्याळ बघू लागला.

“अहो टीचर, ही झाकणंबिकणं राहू द्या,” बापूराव म्हणाले. “एवढं सगळं कशाला? मी साधा प्रश्न विचारतो. माझीच नात आहे, म्हणजे पक्षपात झाला असं कुणी म्हणायला नको. शालू, इकडे ये बाळ.”

त्यांनी पाहुण्यांपुढची ताटली ओढून घेतली आणि रुमाल उचलला. “किती लाडू आहेत?”

शालूने ताटलीकडे पाहिलं. ताटली जरा फिरवली. आजोबांच्या हातातला रुमाल घेऊन झटकला, त्याच्या खाली पाहिलं. मग म्हणाली, “चार.”

मागे कुणीतरी हसलं.

“नीट बघ.”

“चार.”

“शालू, फोकस!” नम्रताचा आवाज आला. “टच करून काउंट कर, बेटा.”

शालूने एकेका लाडवावर बोट ठेवलं, बोट ताटलीच्या कडेच्या रिकाम्या जागेवरही ठेवलं, आणि पुन्हा म्हणाली, “चार.”

पृथ्वीराज सर हसले. ते हसणं कुठल्यातरी प्रशिक्षणात शिकवलेलं असावं, इतकं ते नम्र होतं. “इट्स ओके,” ते म्हणाले. “बेसिक कन्सेप्ट क्लिअर व्हायला वेळ लागतो.” मच्छिंद्रने इतिवृत्तात काहीतरी लिहिलं. बावीस वर्षांचं काम एका ओळीत मावलेलं मेहनाजला एवढ्या लांबून दिसलं.

ही पोरगी काल अकरा झाकणं आणि बारा चिमटे लावून “एक चिमटा बसला नाही” असं सांगत होती, आणि आज तिला तीन लाडू मोजता येऊ नयेत? पण इतक्या वर्षांची सवय एका सभेने जात नाही. मेहनाज गुडघ्यांवर हात टेकून खाली बसली. ती “चूक” म्हणाली नाही.

“शालू,” ती म्हणाली, “लावून बघ.”

शालूने चार झाकणं उचलली. एका लाडवापुढे एक, दुसऱ्यापुढे एक, तिसऱ्यापुढे एक. चौथं हातातच राहिलं. तिने ते वर धरून टीचरला दाखवलं.

“हे उरलं.”

“मग झाकणं जास्त की लाडू?”

“झाकणं. लाडू कमी आहेत.”

“लाडू किती?”

“हे तीन,” शालू म्हणाली. “पण चार आहेत.”

“चौथा कुठेय?”

“तेच तर!” शालू वैतागून म्हणाली. आपल्याला जे कधीपासून दिसतंय ते इतक्या मोठ्या माणसांपैकी एकालाही दिसू नये, याचा तो वैताग होता.

मेहनाजने ताटलीकडे पाहिलं. तीन लाडू एका बाजूला सरकून बसले होते. दुसऱ्या बाजूला कडेशी तुपाचा एक चकचकीत ठिपका होता आणि बेसनाचे दोन-चार कण. ती जागा तिच्या ओळखीची होती. बारा वर्षं तिने त्या जागेवर लाडवाचा तुकडा बघितला होता.

तिने हळूच मान वर केली. बापूरावांच्या पांढऱ्या मिशीत, उजव्या टोकाला, काहीतरी पिवळसर होतं.

आता एखादीने सगळ्यांदेखत बोट दाखवलं असतं. मेहनाजच्याही तोंडाशी आलं होतं. पण ज्याच्या हातात खोली त्याच्या मिशीबद्दल बोलायचं कसं? आणि दुसरं म्हणजे, शिकवताना ती उत्तर कधीच आपण सांगत नसे. तिने फक्त विचारलं, “ताटली भरताना तू होतीस का गं?”

“हो. आजीबरोबर.”

“कशी भरली?”

“आजीने एक ठेवला, एक ठेवला, एक ठेवला. मग म्हणाली, ताटलीत तीन ठेवत नाहीत. मग एक तुकडा केला नि इथे ठेवला.” शालूने तुपाच्या ठिपक्यावर बोट टेकलं. “मग म्हणाली, झाले चार.”

मागच्या बायकांत एकदम कुजबुज उठली. त्यांच्यापैकी बहुतेकींना हिशेब आधीच लागला होता. ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, वाढायची वेळ आलीच तर वर एक चतकोर ठेवायची, हे त्यांच्या हातांना इतकं ठाऊक होतं की डोक्याला कधी विचारावं लागलं नव्हतं.

दुर्गाबाई डबा मांडीवरून खाली ठेवून उभ्या राहिल्या.

“बरोबर सांगतेय ती. मीच भरली. तीन आणि तुकडा.” मग नवऱ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “अहो, तुकडा कुठे गेला?”

“कुठला तुकडा?”

“ताटलीतला.”

“मला काय माहीत? पडला असेल. आणि ताटलीत तीन ठेवायचे नाहीत हे कुणी ठरवलं? हे मी आज ऐकतोय.”

“बेचाळीस वर्षं जेवताय माझ्या हातचं. तुमच्या ताटात तीन पोळ्या कधी बघितल्यात?”

बापूराव विचारात पडले. त्यांनी सबंध नोकरी धरणांची पाणीपातळी मोजण्यात घालवली होती. सेंटिमीटरचा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण स्वतःच्या ताटात काय येतं ते त्यांनी आजवर फक्त संपवलं होतं.

“विषय लाडवांचा नाहीये,” ते अखेर म्हणाले.

“मग विचारलंत कशाला लाडवांचं?”

“मी मुलांच्या प्रगतीबद्दल—”

“प्रगती बघितलीत की! रुमालाखालचं तिला कळलं. लिफ्टमधून एकटं कोण आलं, तेवढं तुम्ही सांगा.”

“आजोबांच्या मिशीला आहे तो,” शालू म्हणाली. तिच्या दृष्टीने आता सगळं जागच्या जागी लागलं होतं.

हसण्याचा असा काही स्फोट झाला की चौकीतला वॉचमन धावत आला. नम्रताने मोबाइल हळूच पर्समध्ये टाकला. बापूरावांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला, कारण पुसणं म्हणजे कबूल करणंच होतं.

मेहनाज हसली नाही. तिला वेगळंच लागलं होतं. बारा वर्षं ती दुर्गाबाईंच्या हाताला आखडलेला म्हणत होती. तो हात तीनवर थांबत नव्हता म्हणून तुकडा येत होता, देताना कमी पडू नये म्हणून येत होता, आणि तिने एकदा विचारलं असतं तर पहिल्याच दिवाळीला कळलं असतं. सगळ्या जगाला लावून बघायला सांगणाऱ्या बाईने तेवढं लावून बघितलं नव्हतं. तिने दुर्गाबाईंकडे पाहिलं. दुर्गाबाईंना तिच्या नजरेतलं काहीही कळायचं कारण नव्हतं, त्यांचं सगळं लक्ष मिशीवर होतं.

“काल साखर किती होती सांगू का सगळ्यांना?” त्या विचारत होत्या.

ते ऐकून बापूराव एकदम अध्यक्ष झाले. “शांतता! विषय क्रमांक चार. बालवाडी आहे तशी चालू ठेवावी. मुदत तीन वर्षं. कुणाची हरकत? नाही. मंजूर. मच्छिंद्र, लिहा.”

“सर, पण आपलं बोलणं झालं होतं,” पृथ्वीराज सर उठले.

“झालं होतं ना. बोलणंच झालं होतं. घ्या, लाडू घ्या.”

मेहनाज अजून फरशीवरच होती. आपण खोली राखली, एवढं तिला कळलं. पण कशी राखली हे कुणाला सांगायला गेलो तर त्यात आपलं शिकवणं नेमकं कुठे बसवायचं, हे तिला उमगेना. नऊ जणांपैकी एकानेही झाकणांकडे पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “तीन?”

दुर्गाबाई अजून उभ्याच होत्या. “शुभकामात तीन कशाला? चार तरी करा.”

“चार जास्त होतात,” बापूराव म्हणाले. माघार घ्यायची तरी किती, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“मग तीन आणि तुकडा.”

मच्छिंद्रने पेन वर केलं. “वहिनी, तुकडा म्हणजे इतिवृत्तात काय लिहू?”

दुर्गाबाईंनी क्षणभर विचार केला. “एक महिना लिहा.”

तसंच लिहिलं गेलं. ‘मुलांची प्रगती समाधानकारक आढळल्याने बालवाडीस क्रीडा कक्ष तीन वर्षे एक महिना मुदतीने देण्यात येत आहे.’ सूचक, अनुमोदक या जागा रिकाम्या राहिल्या.

मग डबा उघडला गेला. दुर्गाबाईंनी ब्लेझरमधल्या मुलाला हाक मारून सांगितलं, “जा राजा, या पुढच्या सगळ्या काकांना एकेक दे.” मुलाने डबा घेतला, “वन, टू, थ्री” म्हणत तीन लाडू पहिल्याच काकांच्या हातात ठेवले आणि चुटकी कधी वाजते म्हणून सरांकडे बघत उभा राहिला. सर त्या वेळी फोनवर होते. शालू हसायला लागली. मेहनाजने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती गप्प झाली. मग मेहनाज उठली, गुडघे कुरकुरले, आणि ती त्या मुलाशेजारी जाऊन उभी राहिली.

“घाई नाही, बाळा. एक लाडू, एक काका. संपले की थांबायचं.”

मुलगा आकडे न म्हणता पुढे निघाला. तिसऱ्या काकांपर्यंत त्याला जमू लागलं. नवव्या काकांपाशी तो थांबला, डब्यात पाहिलं, मागे वळून मेहनाजला म्हणाला, “अजून उरलेत!” आणि तिच्याकडे त्याच संशयाने बघितलं, जे बघण्यासाठी ती फरशीवर बसत आली होती.

दुपारी घरी पोचायच्या आत नम्रताचा मेसेज आला. ‘टीचर, सो प्राउड ऑफ शालू! पण आता हंड्रेडकडे पण बघू या ना?’ हात जोडलेले. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये एक नवी पाटी दिसणार होती: ‘लिफ्टमध्ये काहीही खाऊ नये.’ खाली अध्यक्षांचं नाव, पण अक्षर बापूरावांचं नव्हतं.

मन्सूर दारातच बसला होता. तिच्या हातातला विणलेला रुमाल बघूनच त्याने ओळखलं, की खोली राहिली असणार, गेली असती तर बायको ताटली घेऊन आली नसती. तरी त्याने सवयीने विचारलं, “किती दिले यंदा?”

मेहनाजने रुमाल उचलला. तीन लाडू, आणि कडेला एक तुकडा.

“चार,” ती म्हणाली.